गीतचित्रफीत आणि प्रेक्षकांचा अभिप्राय

विद्यार्थ्यांनी भ्रमणध्वनीवर एखाद्या गीताची चित्रफीत तयार केली, म्हणजे काम पूर्ण झाले असे सहज वाटते. वस्तुतः तो पहिला खर्डा असतो. गीत मुखोद्गत असल्यामुळे गाणाऱ्या मुलांना त्यातील अस्पष्ट शब्दही स्पष्ट ऐकू येतात. परक्या कानास ते येत नाहीत. अमेरिकन विनोदी नट हॅरोल्ड लॉइड हे १९२० च्या दशकात आपले चित्रपट प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांस दाखवीत आणि हशा कोठे पिकत नाही हे पाहून दृश्ये बदलीत.

शाळेतही हेच करावे. दुसऱ्या वर्गातील पाच-सहा मुले व काही पालक यांना चित्रफीत दाखवावी. आधी काहीही समजावून सांगू नये. ‘आवडली का?’ या प्रश्नास सारे ‘हो’ म्हणतात व त्यातून काही निष्पन्न होत नाही. त्याऐवजी ‘कोणते शब्द कळले नाहीत? लक्ष कोठे उडाले?’ असे विचारावे. उत्तरे मुलांनीच वहीत लिहावीत. अनेकांनी एकच उणीव सांगितली, तर ती आधी दूर करावी. शब्द वाऱ्याच्या आवाजात बुडत असतील, तर ध्वनिमुद्रण बंद खोलीत पुन्हा घ्यावे. चेहरे काळवंडले असतील, तर उजेड समोरून येईल अशी जागा निवडावी. सुधारलेली फीत नव्या प्रेक्षकांस दाखवावी. पहिल्यांना गीत आता ठाऊक झालेले असते.

दोष फितीचा आहे, मुलाचा नव्हे, हे शिक्षकांनी आरंभीच सांगावे. ज्याचा आवाज ऐकू आला नाही, त्यास वगळू नये. भ्रमणध्वनीजवळ उभे करून पुन्हा गाऊ द्यावे.