स्टेपनी की स्पेअर व्हील?

खोपोलीजवळच्या शिळफाट्यावर टायर पंक्चर झाला, की ट्रकचालक क्लीनरला 'स्टेपनी काढ' म्हणतो. इंग्रजीच्या तासाला एखाद्या मुलाने तोच शब्द वापरला, तर वर्ग हसेल. तेथे 'स्पेअर व्हील' हवे! पण स्टेपनी चुकीचा शब्द नव्हे. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ साली अशी जादा चाके बनू लागली. ब्रिटनमध्ये तो शब्द मागे पडला, आपल्याकडे टिकला.

प्रसंगानुसार उच्चारही बदलतात. १९६२ मध्ये विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या दुकानांत एक वस्तू कोठे मिळेल, असे विचारले. उत्तर येई, 'फोथ फ्लोअ', म्हणजे चौथा मजला. 'काय म्हणालात?' असे विचारताच विक्रेते सावरून बोलत आणि 'र' अधिक वेळा उमटे: 'फोर्थ फ्लोअर'! तुमच्या मित्रावर हा प्रयोग करून पाहा.