संगणक भंगारात काढण्याआधी

सेनगाव तालुक्यातील एका गावच्या अभ्यासिकेत चार जुने संगणक आहेत. एका कार्यालयाने बदलून टाकलेले, आपल्या पोरांनी वर्गणी करून आणलेले. बार्टीकडचा जात पडताळणीचा अर्ज, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, भरतीचे फॉर्म, सारे याच चार डब्यांवर भरले जाते. मुलांनी मला विचारले, "वकीलसाहेब, दुकानदार म्हणतो हे आता भंगारात द्या. खरं का?"

अर्धेच खरे. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबवल्या. विंडोज 11 जुन्या यंत्राला दारातच अडवते. टीपीएम 2.0 ही सुरक्षा सोय हवी, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. यंत्र काम किती करते हे कोणी पाहत नाही, जन्म कोणत्या पिढीत झाला तेवढेच पाहतात. (हा न्याय आपल्याला नवा नाही.) यामुळे जगातील 24 कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने डिसेंबर 2023 मध्ये वर्तवला होता. तारा जाळून त्यातले तांबे काढणारे हात कोणाचे असतात, हे या वाचकांना सांगायला नको.

रुफस नावाचे एक छोटे, मोफत साधन आहे. विंडोज 11 ची फाइल मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून घ्यायची. रुफसने 8 जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करताना टीपीएम, सिक्युअर बूट आणि 4 जीबी रॅमची अट काढण्याच्या चौकटीत टिक करायची. मग इन्स्टॉल होताना ती तपासणी होत नाही. आधी आपल्या फाइली दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण पेन ड्राइव्ह पुसला जातो आणि नव्याने इन्स्टॉल करताना डिस्कही.

पण रुफस म्हणजे जादू नव्हे. 2024 च्या 24एच2 आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही आज्ञा असावीच लागते. कोअर टू ड्युओमध्ये ती नाही, तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. बाकी जुन्या यंत्रांवरही पुढच्या अपडेटची हमी कंपनी देत नाही. आणि रुफस अट वगळते, परवाना देत नाही. "क्रॅक टाकून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. चोरीची प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम 63-बी खाली गुन्हा आहे, किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि दंड.

म्हणून अभ्यासिकेसाठी माझे मत लिनक्सच्या बाजूने आहे. त्याला परवान्याचे पैसे लागत नाहीत, मराठी टंकलेखन होते. ई-कोर्ट प्रकल्पात जिल्हा-तालुका न्यायालयांना उबुंटू लिनक्सच दिले गेले, केरळच्या सरकारी शाळाही त्यावरच शिकवतात. न्यायालयाला जे चालते, ते आपल्या पोरांना का चालू नये?

रविवारी आम्ही बसलो. दोन डबे रुफसने विंडोज 11 वर गेले, त्यांचा परवाना आधीचाच होता. कोअर टू ड्युओवाल्या दोघांवर लिनक्स मिंट चढवले. त्यातल्या एकावर बारावीच्या मुलीने संध्याकाळी शिष्यवृत्तीचा अर्ज पूर्ण भरला. प्रिंटर मात्र अजून ऐकत नाही, त्यासाठी पुढच्या रविवारी पुन्हा जायचे आहे.