अरमंडीतून स्नॅचकडे

नृत्य म्हणजे नजाकत, वेटलिफ्टिंग म्हणजे दंडातली ताकद, मग दोघांचा संबंध काय, असं सर्रास विचारलं जातं. मुळात स्नॅच, म्हणजे बार एकाच झटक्यात जमिनीवरून डोक्यावर नेणं, दंडांच्या जोरावर होतच नाही. बारला वेग देतात पाय आणि कंबर. तो जेमतेम पोटा-छातीपर्यंत चढतो तोवर लिफ्टर त्याच्याखाली पूर्ण बैठकीत शिरतो आणि कोपरं ताठ करून तो डोक्यावर झेलतो. सुरुवातीला घाई केली तर बार पुढे पळतो. लय विलंबितमध्ये धरायची आणि बार गुडघ्यांच्या वर आल्यावर एकदम द्रुत. तालात वाढलेल्या अंगाला हे लवकर उमगतं.

पण सगळं नृत्य सारखंच उपयोगी पडतं, हेही खरं नाही. भरतनाट्यममध्ये मुलगी वर्षानुवर्षं अरमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, काढते: गुडघे बाहेर, पाठ सरळ, धड स्थिर. बैठकीत गुडघे आत कोसळणं हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष. तो तिच्यात क्वचितच दिसेल. कथक मात्र बहुतांश उभ्यानं चालतं, त्यामुळे खोल बैठक नव्याने शिकावी लागते. उलट तत्कारामुळे, म्हणजे पायांनी बोल वाजवण्यामुळे, एका पायावरून दुसऱ्यावर भार नेणं कथकवालीच्या अंगवळणी पडलेलं असतं. जर्कमध्ये, म्हणजे खांद्यावरून बार डोक्यावर नेताना, एक पाय पुढे, एक मागे टाकून वजन झेलायचं असतं, तिथे हे कामी येतं.

‘अरमंडी येते म्हणजे स्क्वॉट आलाच’ असं मानू नये. अरमंडीत टाचा जवळ आणि पावलं पूर्ण बाहेर वळलेली असतात. स्क्वॉटमध्ये पावलं साधारण खांद्यांइतक्या अंतरावर आणि थोडीशीच बाहेर. गुडघे पुढेही जातात, म्हणून घोटा वाकावा लागतो. लिफ्टरच्या बुटांची टाच उंच असते ती याचसाठी.

लवचीकतेचा मला सगळ्यात जास्त धाक वाटतो. छाती काढून कमरेत बाक देणं मंचावर शोभतं, बारखाली त्याचा भार मणक्यावर येतो. पोट घट्ट धरायला पहिल्या दिवसापासून शिकवलं पाहिजे. चवड्यांवर उठायची सवयही मोडावी लागते; टाच लवकर सुटली की तोल पुढे जातो. आणि झेलल्यावर कोपर वाकून पुन्हा सरळ झालं, तर पंच लिफ्ट बाद करतात.

वजनं उचलली की मुलगी थोराड होते, ही भीती पालक अजून बाळगून आहेत. पण वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ मध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं ते ४५ किलो वजनगटात, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क मिळून १५३ किलो उचलून.

ताकद मात्र नृत्यातून आयती मिळत नाही. ती वाढत्या वजनाच्या स्क्वॉटनेच येते. महिलांचा रिकामा बारसुद्धा १५ किलोचा असतो, म्हणून नृत्यातून आलेल्या मुलीनेही आधी काठीवरच हालचाल पक्की करावी.