मालसरहून लोणावळ्यास

हठयोग झाकून ठेवला तरच फळतो, चव्हाट्यावर आणला की निष्फळ होतो, अशी सक्त ताकीद 'हठप्रदीपिका' या ग्रंथाने देऊन ठेवली असल्यामुळे ही विद्या शतकानुशतके गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी आणि गुरूच्या देहावरून शिष्याच्या देहात अशीच उतरत आली. नर्मदाकाठी, बडोदे संस्थानच्या मुलुखातील मालसर येथे स्थिरावलेले परमहंस माधवदासजी हे मूळचे बंगाली योगी त्याच रीतीचे गुरू होते. त्यांचे एक शिष्य योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योगसंस्था काढली. दुसरे, जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले आणि अंमळनेरला अध्यापन केलेले हे गृहस्थ मालसरला जे शिकले, ते त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्रयोगशाळेच्या मेजावर मांडले.

आता पोटाच्या स्नायूंच्या नौली या क्रियेचेच पाहा. श्वास पूर्ण सोडून, हात मांड्यांवर रोवून, पोट आत ओढून मधले स्नायू पुढे काढले, की बस्ति या आतडे धुण्याच्या क्रियेत पाणी आपोआप वर चढते, हे साधकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ते का चढते, हे पाहण्यासाठी कुवलयानंदांनी मोठ्या आतड्यात नळी घालून दाबमापकाने दाब मोजला, आणि आतील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो असे आढळताच त्या पोकळीला 'माधवदास निर्वात' असे नाव दिले. गुरू तोवर निवर्तले होते. शरीरशास्त्राच्या परिभाषेत एका संन्याशाचे नाव गोवून शिष्याने वाहिलेली ही गुरुदक्षिणा मला कोणत्याही समाधिमंदिराहून मोलाची वाटते. गुप्ततेचा दंडक त्यांनी मोडला खरा, परंतु मोडताना गुरूचे ऋण लपवले नाही.

कैवल्यधामाबरोबर १९२४ सालीच निघालेल्या 'योगमीमांसा' या त्रैमासिकात क्ष-किरणांच्या प्रयोगांचे वृत्तान्त आणि क्रियांची छायाचित्रे आली, आणि तोवर केवळ दीक्षा घेतलेल्यांनाच दिसणारी क्रिया टपालाने कुणाच्याही घरी पोचू लागली. तथापि स्नायू नेमका कोणत्या क्षणी सुटला पाहिजे, हे छायाचित्रात सापडत नाही. म्हणून शिकणाऱ्याने आजही सकाळी अनशेपोटी आपल्या गुरुजींसमोर वाकून उभे राहायचे, त्यांच्या पोटाकडे पाहायचे, चुकायचे, आणि ते 'पुन्हा' म्हणाले की पुन्हा श्वास सोडायचा.