मधूनच हरवणारी हार्ड डिस्क

दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे जावे आणि खुर्चीत बसताच ठणका थांबावा, असा अनुभव अनेकांनी घेतला असेल. घरी सुटे भाग जोडून तयार केलेला संगणकही कधीकधी असेच वागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, कॅबिनेट, एसएमपीएस आणि हार्ड डिस्क आणून हौसेने जोडलेला संगणक दोन-तीन वर्षे सुरळीत चालतो. मग एके दिवशी काम करता करता पडदा गोठतो. पुन्हा सुरू केल्यावर डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो. आणखी एकदा बंद-चालू केले, की सगळे जागच्या जागी! दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर तिथे दिवसभर काहीच तक्रार नाही. शेवटी डिस्क बदलली जाते आणि आठवड्याभरात नव्या डिस्कचाही तोच प्रकार सुरू होतो. कारण दोष डिस्कमध्ये नसून तिला जोडलेल्या स्वस्तातल्या केबलमध्ये असतो.

उलटही घडते. ‘केबल सैल झाली असेल’ म्हणून दुर्लक्ष केले जाते आणि खरोखरच अखेरच्या घटका मोजणारी डिस्क घरातले सगळे फोटो घेऊन कायमची बंद पडते. म्हणून अशा बिघाडात पहिले काम निदानाचे नाही, माहिती वाचवण्याचे आहे. डिस्क दिसत असेल तेव्हाच महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. त्याआधी डिस्क दुरुस्त करणारे प्रोग्राम चालवू नयेत. त्यांनी आजारी डिस्कवरचा ताण वाढतो, शिवाय ते डिस्कवर लिहितातही. डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल तर ती लगेच बंद करावी आणि माहिती अमूल्य असेल तर तज्ज्ञांकडेच द्यावी.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात. माहिती वाचणारे हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. म्हणूनच डिस्क घरी उघडून पाहणे म्हणजे तिच्यात धूळ घालून तिला मारणे होय.

डॉक्टर आधी रुग्णाची हकिकत विचारतात, तशी इथेही वही काढावी. बिघाड कधी झाला, संगणक किती वेळ चालू होता, तेव्हा काय काम चालले होते, हे दर वेळी लिहून ठेवावे. सकाळी पहिल्यांदा सुरू करतानाच डिस्क दिसत नसेल, तर वीजपुरवठा किंवा सैल जोड यांच्यावर संशय जातो. तासाभराने गायब होत असेल, तर उष्णतेचा संबंध तपासावा. ठरावीक फाइल उघडतानाच संगणक अडकत असेल, तर तबकडीवरचा तेवढा भाग खराब झालेला असू शकतो. विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ डिस्कच्या तक्रारी वेळेसह नोंदवतो. वहीतल्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहता येतात.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदही ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत प्रोग्राममध्ये ती दिसते. त्यातील तीन ओळी महत्त्वाच्या. ०५ क्रमांकाच्या ओळीत खराब म्हणून बाद करून बदललेल्या सेक्टरची संख्या असते. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकालाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. हे दोन आकडे वाढत असतील तर रोग डिस्कमध्येच आहे. सी७ ही ओळ मात्र वेगळे सांगते. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या प्रवासात माहिती किती वेळा बिघडली, याची ती मोजणी आहे. ०५ आणि सी५ शून्यावर आणि फक्त सी७ वाढत असेल, तर बहुतेक वेळा डेटा केबल किंवा तिचा जोड दोषी असतो. हा आकडा केबल बदलल्यावरही पुन्हा शून्यावर येत नाही. तो वाढायचा थांबला का, एवढेच पाहायचे.

वीजपुरवठ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते, तर इलेक्ट्रॉनिक भाग ५ व्होल्टवर. स्थिर तबकड्यांना वेग देताना मोटर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. एसएमपीएस थकलेला असेल किंवा एकाच तारेला दुभाजक लावून तीन-चार उपकरणे जोडली असतील, तर नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज घसरते आणि धडधाकट डिस्कही उठत नाही.

खरा गुन्हेगार पकडण्याची रीत साधी, पण संयमाची आहे. संगणक बंद करून, प्लग काढून, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी डेटा केबल, मग मदरबोर्डवरचा पोर्ट, मग विजेची तार. प्रत्येक बदलानंतर काही दिवस थांबून वहीत नोंद करायची. बिघाड दिवसाआड होत असेल, तर एक दिवस सुरळीत गेल्याने काहीच सिद्ध होत नाही. सगळे एकदम बदलले तर संगणक सुधारेलही, पण कशाने सुधारला ते कळणार नाही. शेवटी तीच डिस्क दुसऱ्या संगणकात लावून पाहावी. बिघाड डिस्कबरोबर गेला तर दोष तिचा. मागेच राहिला तर जुन्या पेटीचा.

‘स्मार्ट’च्या आकड्यांवर मात्र आंधळा विश्वास नको. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी, तापमान वगळता, एकही पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणजे वाईट अहवाल आला तर तो खरा मानावा. चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये.

त्यामुळे केबल बदलून संगणक पूर्ववत झाला, तरी सुरुवातीला काढलेली ती दुसरी प्रत पुसू नये. उलट तिला दर महिन्याला ताजे करावे आणि शक्य झाल्यास तिसरी प्रत घराबाहेर ठेवावी. केबल केव्हाही नवी मिळते, डिस्कही मिळते. मुलांच्या लहानपणीचे फोटो मात्र कोणत्याच दुकानात मिळत नाहीत.