वाळूज ते अलिबाग : मुंबईनंतर लाँच, रो-रो की रस्ता?

देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलात, की अलिबागसाठी तीन पर्याय आहेत.

लाँच : गेटवे ते मांडवा सुमारे तासभर. पुढच्या अलिबाग बसचे भाडे बहुतेक तिकिटांतच असते. पावसाळ्यात ही सेवा बंद.

रो-रो : भाऊचा धक्का ते मांडवा, गाडीसह साधारण एका तासात. खराब हवामानात फेरी रद्द होऊ शकते.

रस्ता : पनवेल-वडखळमार्गे सुमारे १०० किमी, किमान तीन तास. अटल सेतूने वेळ वाचतो. मात्र टोल लागतो, दुचाकीला बंदी.

वाळूजहूनच स्वतःची गाडी नेणार? मग मुंबईत शिरूच नका. पुणे-खोपोली-पेणमार्गे थेट जा.

परतीची रात्रीची गाडी पकडायची असेल, तर शेवटच्या लाँचवर विसंबू नका. ती चुकली, तर पुढे रस्त्याचेच तीन तास.