जुना ड्रमसेट : जतन की जीर्णोद्धार?

तबल्याची पुडी फाटली की नवी चढविली जाते आणि त्यामुळे वाद्याचे मोल घटले, असे कोणी मानीत नाही. साठच्या दशकातील अमेरिकी ड्रमसेटच्या बाबतीत मात्र हा व्यवहार इतका सरळ नाही. येथे काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, हे आधी ठरवावे लागते. कारण काही चुका पुन्हा दुरुस्त करता येत नाहीत.

शिकागोच्या लुडविग कंपनीचेच उदाहरण पाहू. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी 'बीटल्स' अमेरिकी दूरचित्रवाणीवर झळकले, तेव्हा रिंगो स्टार यांच्यापुढे लुडविगचे ड्रम होते. त्यानंतर या ड्रमची मागणी प्रचंड वाढली. आज संग्राहक त्या काळातील संचांच्या शोधात असतात. या ड्रमचे शेल लाकडाच्या पातळ थरांचे असून त्यावर मोत्यासारखे चमकणारे प्लास्टिकचे आवरण असते. बाहेरील पट्टीवर क्रमांक असतो, पण तो काटेकोर क्रमाने दिलेला नसल्याने त्यावरून वय अंदाजानेच कळते. अनेक शेलच्या आत मात्र तारखेचा शिक्का आढळतो. 'आतून जरा नवा रंग देऊ' म्हणणारा मालक त्या ड्रमचा जन्मदाखलाच पुसून टाकतो.

निर्णयाचा निकष साधा आहे : आज केलेला बदल उद्या मागे घेता येईल का? मऊ कापडाने धूळ पुसणे, नवे पडदे चढविणे, हरवलेला स्क्रू बसविणे यांत काही कायमचे गमावत नाही. याउलट शेलला नवे छिद्र पाडणे, पडदा टेकतो ती कड पुन्हा कापणे किंवा जुने आवरण ओढून काढणे, हे बदल कायमचे असतात. आवरणाबरोबर लाकडाचा थरही निघू शकतो. खरखरीत पॉलिशने क्रोमचा पातळ मुलामा झिजतो.

म्हणून जीर्णोद्धार त्याज्य ठरतो असे नव्हे. पूर्वीच छिद्रे पडलेला, आवरण गमावलेला संच संग्राहकाच्या दृष्टीने उतरलेलाच असतो. तो कुशल कारागिराकडून वाजता करून घेणे अधिक शहाणपणाचे. दमट हवेने लाकडाचे थर सुटू लागले असतील, तर ते चिकटविणे हेही जतनच होय. मूळ अवस्थेतील संच मात्र शक्यतो तसाच ठेवावा. चरे आणि डाग हा त्याच्या इतिहासाचा भाग असतो.

काढलेला कोणताही भाग फेकू नये. पडदा हा मुळात झिजून बदलण्याचा भाग. तरीही १९६४ मधील त्या कार्यक्रमात स्टार यांच्या बेस ड्रमवर असलेला पुढचा पडदा २०१५ मध्ये लिलावात २० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला.

मुंबईतील जॅझ बँडमध्ये आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा वाटा होता. अशा एखाद्या वादकाचा संच घरात असेल, तर पॉलिशची बाटली उघडण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. तो कोणी, कोठे आणि केव्हा वाजविला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. शेल पुढेही दुरुस्त करता येईल. सांगणारी माणसे मात्र तोवर असतीलच असे नाही.